बाळारामचा अंगठा

भिवंडी, ७ मे १९७५

चिरंजीव जानूस अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. आरंभी एक गंभीर तक्रार. तुझ्या राणीच्या राज्यातला डिंक फार निष्ठावान आहे. विमानपत्र उघडताना त्याने शेवटची ओळ गिळली. तीत तुझ्या बकुळावहिनीला नमस्कार होता की नव्हता, यावर घरात दोन दिवस शास्त्रार्थ चालला. निकाल लागला: नव्हता. यापुढे नमस्कार वरच लिहावा.

आता तुझी जमीन. तू तिथला नागरिक झालास. आता इथे जमीन घ्यायची तर तुला रिझर्व्ह बँकेची परवानगी हवी, आणि शेतजमीन तर शेतकऱ्यालाच मिळते. अकलोलीच्या गरम कुंडात तू तासभर बसू शकतोस, काठावरचं ढेकूळ मात्र तुझ्या नावावर होणार नाही. हे नारपोलीच्या दलालाला सांगितलं, तर म्हणतो, "गुरुजी, भाई लंडन में, जमीन अकलोली में, बीच में आप हो ना!" वर डोळा मारला. पंचवीस वर्षं संस्कृत शिकवणाऱ्याला डोळा! किळस आली.

तरी खरेदीखतावर माझ्या नावाने सही केली. कोन गावातल्या आपल्या चार गुंठ्यांवर मी शेतकरी ठरलो. "स्वतः कसणार" असंही लिहून दिलं. माझे हात बघून कारकून हसला.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची टाळली. ती जमीन रिकामी नव्हती. बाळाराम ती बापाच्या वेळेपासून कसतो. तो कूळ ठरला तर जमिनीवर हक्क त्याचा, आणि आपला व्यवहार बुडाला. म्हणून दलालाने बाळारामच्या नावाने कागद केला: मी कूळ नाही, रोजावर येतो. बाळारामला वाचता येत नाही. "वाचून दाखवू का?" असं मी विचारलं खरं, पण शाई पुढे सरकवतच.

"तुमी हाव ना गुरुजी, मंग वाचायचं कशाला?"

अंगठा धोतराला पुसून त्याने बायकोला चहा ठेवायला सांगितला. मी तो प्यालो.

काल दारात आला. "गुरुजी, भाताच्या रोपांचा राब भाजून झाला. बी कंचं टाकू?"

"नेहमीचंच टाक," म्हणालो.

जानू, कायद्याला मी भीत नाही. पण कागदाची नक्कल गुरुजींनी दिली म्हणून त्याने देवाजवळ ठेवलीय, आणि त्याची मैना जूनपासून आठवीला माझ्या वर्गात बसेल. मुलगी वाचते फार स्पष्ट. एक दिवस ती तो कागद बापाला वाचून दाखवेल, याची मला भीती वाटते.

तुझा, कागदावर शेतकरी असलेला,
दादा