भिंगरी पाण्यात

१२ मार्च १९९९
कॉलेजच्या उंदीरघरात आज नवीन उंदीर आले. एक पिल्लू पिंजऱ्यात गोल गोल फिरतंय, थांबतच नाही! मधेच मान वर झटकतं. सर म्हणाले, "आतला कान बिघडलाय. ऐकू येत नाही, तोलही राहत नाही. आई-बाप दोघांकडून दोष आला की असं होतं." आम्ही पिंजरे सांभाळणाऱ्यांनी नंबर लिहायचा असतो, नाव ठेवायचं नसतं. मी ठेवलं — भिंगरी.

२० मार्च
शेपटीला धरून उचललं की बाकीचे उंदीर जमिनीकडे पाय पसरतात. भिंगरी पोटाकडे वळते. खाली कुठे, हेच तिला कळत नाही. भुसा बदलताना मुठीत धरून बसले तर एकदम शांत. लबाड!

२ एप्रिल
लाईट गेली. माझी विद्या होती तिथंच खाली बसली. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, मूकबधिर शाळेत जाते. पण अडीच वर्षांची होईपर्यंत चाललीही नाही, आणि अंधारात हमखास पडते. "धांदरट हाय पोरगी," सगळे म्हणतात. मीही म्हणायचे. आज नुसती तिच्याकडे बघत राहिले. छे, काहीतरीच!

११ एप्रिल
पेठ वडगावला जाऊन आलो. मामा — माझे सासरेही तेच, मला सख्ख्या मामाच्याच घरात दिलंय — विद्याला खांद्यावर घेऊन मळ्यातली विहीर दाखवून आले. "सा वर्साची झाली की! बसवजयंती झाली की पवायला शिकवतो. दोन दिवस तरंगायला पाठीला वाळका भोपळा, तिसऱ्या दिवशी भोपळा सोडून ढकलायची. आमच्या घरातलं पोर असंच शिकतंय." ह्यांनाही असंच शिकवलंय म्हणे. विद्या हसत होती. मीही हसले.

१५ एप्रिल
पोहण्याची चाचणी. टबात कोमट पाणी. साधे उंदीर सरळ काठाकडे गेले. भिंगरी पाण्यात पडली आणि खाली पोहायला लागली! उलटी-सुलटी होत, जीव खाऊन पाय मारत, तळाकडे. सर घड्याळ बघत होते. मी बाहीसकट हात घातला.

"शिवलीला, अजून वेळ झाली नाही!"

नसू दे. टॉवेलमध्ये गुंडाळून छातीशी धरली. ती थरथरत होती. मला विहीर दिसत होती.

१६ एप्रिल
ह्यांना सांगितलं. विद्याचं सगळं भिंगरीसारखंच आहे म्हटलं, आणि आपल्या दोघांचं रक्त एकच.  हे म्हणाले, "अण्णांना तूच सांग." मामांना हे अण्णा म्हणतात.

वडगावला फोन केला. मामा ओरडलेच. "उंदरावरनं माझ्या नातीचं ठरवतीस व्हय? पवायला न येणारंच बुडतंय!"

मामांपुढे पहिल्यांदा आवाज चढवला. "ती वर येणार नाही, मामा. खालीच पोहत जाईल."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज. खूप रडले.

१७ एप्रिल
फोन नाही. विद्याच्या पायांना तेल लावलं. गुदगुल्या झाल्या तिला.

१९ एप्रिल
मामा आले, न कळवता. चहाही नको म्हणाले, विद्याला मांडीवर घेऊन बसले. "विहिरीवर जाळी टाकून आलोय."  मग म्हणाले —

"माझ्या वरचा एक भाऊ हुता, लीले. मुका. तुझी आई तवा पाळण्यात. भोपळा सोडला त्या दिवशी गेला. मी काठावर हुतो. समदी म्हणाली, पोरगं भ्यालं. म्हणून तर एकेका पोराला पवायला शिकवत आलो. पर मी बघितलंतं — त्यो खालीच पवत गेलता. कुणाला बोललो न्हाय."

ह्यांना नाव त्याचंच ठेवलंय. प्रभुलिंग.