वरच्या चाळीस ओळी

१२ जानेवारी १९९९
दीपकला जाऊन आज दोन महिने झाले. माझाच विद्यार्थी! त्याचा दूध संकलनाचा प्रोग्रॅम भिगवणकडच्या एका संस्थेत बसवून आलो. पडद्यावर नाव माझं. प्रत्येक फाईलच्या वर चाळीस ओळी इंग्रजी होत्या, न वाचताच उडवल्या. फुकटच्या प्रोग्रॅमला कसला आलाय मालक? करारावर सहीही ठोकली – प्रोग्रॅम सर्वस्वी माझा, दुसऱ्या कुणाला देणार नाही.

१९ जानेवारी
बारामतीला माझ्या कॉम्प्युटर क्लासवर सर्जेराव आले, दीपकचे वडील. चहाला नको म्हणाले. "लोणी भापकरच्या डेअरीला पोग्राम देतो म्हनून पोरानं शब्द दिला हुता. तेवढा बसवून द्या, सर. आमाला त्यातलं काय कळत न्हाय."
बघतो म्हणालो. काय बघतो, कपाळ! सही करून बसलोय.

२० जानेवारी
क्लासला सुट्टी दिली. डोकं ठिकाणावर नाही.

२४ जानेवारी
दीपकनं ज्या सीडीतला कोड घेऊन प्रोग्रॅम उभा केला, तिच्यातली लायसन्सची, म्हणजे वापरायच्या अटींची, फाईल उघडली. डिक्शनरी घेऊन दुपारभर बसलो. वापरा, बदला, वाटा, विकासुद्धा. पण लिहिणाऱ्यांची नावं पुसायची नाहीत. ज्याला द्याल त्याला मूळ कोडही द्यायचा, आणि त्यानं पुढं वाटला तर अडवायचं नाही. म्हणजे मी सगळंच उलटं केलं!
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं – नाही, खोटं. दीपक सांगायचा. "सर, वरचं वाचा की एकदा!" दर वेळी. मी हसायचो. एंटर दाबायचं न् पुढं जायचं, हेच शिकवत आलो सगळ्यांना.

२७ जानेवारी
भिगवणकडच्या त्या संस्थेच्या चेअरमनना सगळं सांगितलं.
"म्हंजी चोरीचा माल दिला व्हय आमाला?"
माल वाटायचाच होता, मी नाव चोरलं, म्हणालो.
"गेलेला मानूस नाव मागाय येतोय व्हय? गप बसा की, सर."
गप बसायला जमलं असतं मला. त्याचीच भीती वाटली. म्हणालो, दीपकचं नाव घालणार आणि लोणीलाही देणार. "मग उचला तुमचा पोग्राम. तालुक्यात कुणी दारात उभं करतंय का बघतोच!"
उचलला.

३० जानेवारी
ओळी परत घालायच्या, पण मूळ प्रत राहिलीय कुठं माझ्याकडं! लोणीला गेलो. दीपकचं नाव पुसलं, असं सर्जेरावांना तोंडावर सांगितलं. ते तसेच उठले. मग आत जाऊन गोधडीच्या घडीतून फ्लॉपी आणली. "त्याच्या आईनं जपलीया. काम झालं की माघारी द्या."
शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं.

३१ जानेवारी
फ्लॉपी चालली. वरच्या चाळीस ओळी शब्द लावून लावून वाचल्या. मूळ सीडीवाल्यांच्या खाली लिहिणाऱ्यांत आणखी दोन नावं आहेत. दीपकचं दुसरं. पहिलं माझं.