ठिपका एका जागी राहीना

सोमवार, संध्याकाळ

आज मालकांनी माझ्या पिस्तुलाला लावायला लेसर आणून दिला. फौजेतून निवृत्त झाल्यापासून मी त्यांचा अंगरक्षक आहे, कळमेश्वरच्या कारखान्यात. पिस्तूल खिशात मावणारं, त्याची नेम धरायची निशाणी बारीक, आणि माझे डोळे आता साठीचे.

"काका, लाल ठिपका जिथं, गोळी तिथं. डोळ्यांले ताण नाही," ते म्हणाले.

रिकाम्या गोदामात गोळ्या काढून पिस्तूल भिंतीवर रोखलं. ठिपका एका जागी राहीना. दोन्ही हातांनी धरलं, श्वास रोखला. तरी तो वीतभर फिरतच होता.

"लेसर ढिला बसला असल," मी म्हणालो. खोटं का बोललो?

मालकांनी पिस्तूल हातात घेतलं. त्यांच्या हातात ठिपका भिंतीवर गप्प बसला. मग पिस्तूल मला परत दिलं. माझा हात किती दिवसांपासून हलतोय? साध्या निशाणीत ते दिसलंच नसेल. आणि याच हाताच्या भरवशावर मी रोज त्यांच्या मागे उभा राहत होतो.

मीच म्हणालो, "उद्यापासून दुसरा माणूस पाहा." ते "बरं" म्हणाले. वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही.

घरी आल्यावर बायकोला हाताचं सांगितलं. सुमन भाजी निवडत होती.

"मले माहीत हाये," ती वर न बघता म्हणाली. "दिवाळीपासून तुमचा चहाचा कप मी अर्धाच भरून राहिली. सांडते म्हणून."

मला वाटत होतं, दूध पुरत नसेल.