बर्फ बघून झाला, चहाचा डोंगर राहिला

प्रिय वहिनी,

परवा तुझं वर्षश्राद्ध. वर्तमानपत्रात द्यायला चार ओळी लिहून दे, असं दादाने मला सांगितलंय. फोटो त्याने निवडलाय. शाळेच्या स्वयंपाकघराच्या दारात तू पावांची टोपली घेऊन उभी आहेस तो. पण ओळी काही उतरत नाहीत. 'शांतपणे देवाघरी गेली' असं लिहिलं आणि खोडलं. 'सर्व इच्छा पूर्ण करून' असं लिहिलं आणि कागदच फाडला. पंचायतीत बसून मी अख्ख्या मये गावाचे अर्ज लिहिते आणि तुझ्यासाठी मला चार ओळी जमू नयेत? म्हणून तुलाच लिहायला बसले. तुझ्यापाशी खोटं चालत नाही, हे मला एकदा चांगलं कळलंय.

आठवतं ना, इस्पितळातून डॉक्टरांचं शेवटचं बोलणं ऐकून आलो तो दिवस? आता औषधाने काही व्हायचं नाही, दुखणं कमी ठेवू, असं त्यांनी सांगितलं होतं. दादा सोप्यावर बसून भिंतीकडे बघत होता. तू आत जाऊन चहा ठेवलास. कप हातात देताना म्हणालीस की तुला दोन जागा बघायच्यात. हाताला लागेल असा बर्फ, आणि चहा उगवतो तो डोंगर. पेडण्याहून लग्न होऊन आल्यापासून रोज चहा करतेस, पण त्याचं झाड कसं असतं ते बघितलं नाहीस, असं म्हणालीस. मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही.

दादाचा सुर्ल्याच्या खाणीवरचा ट्रक कितीतरी महिने उभा होता. घरात होतं ते तुझ्या औषधांत गेलेलं. तेव्हा तूच सुचवलंस की लोकांकडे मागू. "मी गेल्यार सगळे हार घेऊन येतले," तू म्हणालीस. "त्यांका सांग, हार नको, आत्ताच द्या." आणि कागद माझ्यापुढे सरकवलास. निमाचं अक्षर चांगलं, निमाच लिहील!

मी लिहिलं, वहिनी. पण 'फिरायला' हा शब्द माझ्या पेनातून उतरेना. औषधाला लोक देतात. फिरायला कोण देतं? आणि मागणाऱ्याला काय म्हणतात? मला लाज वाटली. तुझ्या मरणापेक्षा त्या वेळी मला लोकांच्या बोलण्याची भीती जास्त वाटली, हे आज तुला लिहून देते. मी लिहिलं, 'पुढील उपचारासाठी मदत हवी आहे.' आणि तुला वाचून दाखवताना मात्र बर्फ, चहाचा मळा सगळं वाचलं. तू डोळे मिटून ऐकलंस. छान लिहिलंस म्हणालीस.

लोकांनी भरभरून दिलं. तू त्यांच्या मुलांना वर्षानुवर्षं पाव-भाजी वाढली होतीस. कोणी पाकीट घरी आणून दिलं, कोणी शाळेत दिलं.

मग एका मुलाच्या आईने तुला शाळेत विचारलं, नवी औषधं कधी सुरू होणार. तू तशीच निघालीस. कोपऱ्यावरच्या दुकानात माझा कागद चिकटवलेला होता, तो काढून घेतलास आणि सरळ पंचायतीत आलीस. सातवीपर्यंत शिकलेली तू. बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं असशील. माझ्या टेबलावर तो कागद ठेवलास. समोर दाखल्यासाठी आलेली दोन माणसं बसली होती, म्हणून अगदी हळू म्हणालीस, "निमा गो, ह्यां खोटां आसा."

ओरडली असतीस तर बरं झालं असतं. नाही ओरडलीस. मी पुन्हा खरं पत्र लिहिते म्हटलं, तर मान हलवलीस. पत्राने नाही, ज्यांनी दिलं त्यांच्या दारात जाऊन सांगायचं. आणि तूच सांगणार.

पाच आठवडे गेले त्यात. एक दिवस बाहेर पडायचीस आणि दोन दिवस पडून राहायचीस. मी रिक्षा आणायचे, तू प्रत्येक उंबऱ्यावर तेच सांगायचीस. हे पैसे औषधाचे नाहीत, मला फिरायला जायचंय, नको वाटलं तर परत घ्या. मी मागे उभी असायचे. ते खोटं निमाने लिहिलं, असं तू एकदाही कोणाला सांगितलं नाहीस. चूक झाली म्हणायचीस, कोणाची ते नाही.

तळ्याकडची भाजीवाली म्हातारी आठवते? तिने ऐकून घेतलं, कनवटीची आणखी एक नोट काढून तुझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "माझ्यावतीन सुद्दां हात लाव बर्फाक." आणि डिचोलीच्या बाजारातला तो भांड्यांचा दुकानदार? त्याची बायको याच आजाराने गेली होती. त्याने गल्ला बंद केला. मग म्हणाला, "माझ्या बायकोला औषध पुरलं नाही. फिरायला नाही देणार मी." तू पाकीट त्याच्यापुढे ठेवलंस. बाहेर आल्यावर मी त्याला काहीबाही बोलले, तर तू मलाच गप्प केलंस. त्याने बरोबर केलं, म्हणालीस.

एवढं खरं कशाला हवं होतं गो तुला? मी एकटी जाऊन सांगितलं असतं. मी माफी मागितली असती. शिमग्याच्या आधी जा, असं डॉक्टर म्हणाले होते. आपण शिमगा होऊन गेल्यावर थिवीहून आगगाडीत बसलो.

हिमाचलात पोचलो तेव्हा खालचा बर्फ वितळून गेला होता. गाडीवाला म्हणाला, दिसेल, पण खूप वर जावं लागेल. दादाने तुझ्याकडे बघितलं. तू म्हणालीस, चला. वळणावळणाला ओकत होतीस. मी तुझी पाठ चोळत होते आणि मनात एकच होतं. हा रस्ता माझ्यामुळे वाढला.

पण तो एक तास, वहिनी! रस्त्याच्या कडेला मळकट बर्फाचा ढीग होता. मला तर तो बघून वाईटच वाटलं. तू मात्र गुडघ्यांवर बसलीस, दोन्ही हात मनगटांपर्यंत आत घातलेस आणि नावं घ्यायला लागलीस. ज्यांनी दिलं त्यांची, एकेकाची. म्हातारीचं घेतलंस. दुकानदाराचंही घेतलंस. बोटं लाल झाली तरी हात काढेनास. शेवटी दादाने ते आपल्या शर्टाच्या आत धरले. पंधरा वर्षांच्या संसारात त्याने माझ्यादेखत तुझा हात धरलेला मी तेव्हाच बघितला.

घरी आलो आणि तू अंथरुणाला लागलीस. दक्षिणेकडच्या चहाच्या मळ्यातली खोली तरीही मी ठरवून ठेवली. तू विचारलंस, तारीख कधीची? मी सांगितली. तू बोटांवर दिवस मोजलेस आणि भिंतीकडे तोंड केलंस.

त्या तारखेच्या दोन दिवस आधी आपण इस्पितळात होतो. माझा फोन वाजला. हॉटेलवाला होता. मोडक्यातोडक्या हिंदीत विचारत होता, येताय ना, जनेल उघडलं की मळाच दिसेल अशी खोली ठेवलीय. मी हो म्हटलं. पटकन तोंडातून गेलं. तुला जाग होती हे मला ठाऊक नव्हतं.

"त्याका खरां सांग," तू म्हणालीस. "खोली दुसऱ्या कोणाक मेळूदे."

मी फोन घेऊन व्हरांड्यात गेले. आत आले आणि म्हटलं, सांगितलं. तू डोळे मिटलेस.

मी सांगितलं नव्हतं, वहिनी. मी तिथे नुसती उभी होते. ती येणार नाही, हे वाक्य मला बोलता आलं नाही. ते बोलले असते तर ते खरं झालं असतं, असं वाटलं मला. हे माझं दुसरं खोटं, दुसरी फट, आणि ती तुझ्या उशाशी मारली. तुला कळलं होतं का? डोळे मिटलेस ते विश्वासाने, की मला आणखी खोटं बोलावं लागू नये म्हणून?

खोलीच्या त्या तारखेलाच सकाळी तू गेलीस. दुपारी तुला सोप्यावर ठेवलं होतं, बायका भोवती बसल्या होत्या, आणि माझ्या हातात फोन वाजला. तोच नंबर. मी फोन बंद केला.

त्या दिवसापासून ती खोली माझ्याबरोबर आहे. मी ती कधी पाहिली नाही, पण दुपारी टेबलावर मान टेकली की दिसते. चादर ताणून घातलेली, जनेल उघडं, आणि कोणीच नाही. कधीकधी तू असतेस. पाठमोरी, बाहेर बघत. मी हाक मारते, तू वळत नाहीस. लोक म्हणतात, वेळ गेला की आठवणी सौम्य होतात. ही खोली दर महिन्याला जास्तच स्पष्ट होत चाललीय. आता तर तिथल्या पडद्याचा रंगसुद्धा मला ठाऊक झालाय.

तो नंबर अजून माझ्याकडे आहे. उद्या सकाळी पंचायत उघडायच्या आधी मी त्याला फोन करणार आहे. तो मला विसरला असेल. कोण बाई, कसली खोली, असं म्हणेल. तरीही सांगेन. त्या येणार नव्हत्या, मला ठाऊक होतं, मी तुम्हाला खोटं सांगितलं. आणि हे बोलताना दादाला शेजारी बसवेन, कारण त्यालाही ते ठाऊक नाही. मग पेपरातल्या त्या चार ओळीही खऱ्याच लिहीन. हा शब्द देते तुला. या वेळी व्हरांड्यातून तशीच परत येणार नाही.

तुझी नणंद,
निमा