सांगावा आणि निळं धुकं

बाबा,

काल शहापुरात मी भाषण केलं, टाळ्या घेतल्या, आणि घरी येऊन दोनदा चूळ भरली तरी तोंडाची कडू चव गेली नाही. तुम्ही असतात तर पडवीत बसल्या बसल्या विचारलं असतंत, "काय रे, आज कोनाला झोडून आलास?" म्हणून तुम्हालाच सांगतो. मालिका म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर गावातल्या एकुलत्या टीव्हीपुढे बसलेली माणसं येतील. आता तसं नाही. आता सगळे भाग एकदम मोबाइलवर येऊन पडतात आणि माणसं ते एकेकटी बघतात. मग हॉल घेऊन चर्चा करतात. कालची चर्चा तसल्याच एका खुनाच्या मालिकेवर होती. विषय छापला होता, 'दृश्य मोठं की कथा?' कथेच्या बाजूने मी, आणि दृश्याच्या बाजूने कल्याणहून आलेले एक सिनेमा शिकवणारे प्राध्यापक.

ही मालिका आपल्याच डोंगरांत काढलेली. डोळखांबच्या वरच्या अंगाला एक पाडा आहे. तिथल्या एका बाईचा धाकटा भाऊ वीटभट्टीवर कामाला गेला होता, तो जवळच्या खदानीच्या पाण्यात मेलेला सापडला. डोक्याला मार होता. कुणी मारलं, की पडला, याचा उलगडा आजतागायत झालेला नाही. मालिकावाले पाड्यावर येऊन राहिले, तिच्या हातची नाचणीची भाकर खाल्ली, भाऊ कसा बोलायचा, घरात कुणाशी त्याचं पटायचं, कुणाशी नाही, सगळं विचारून घेतलं. नावं बदलली, बाकी सगळं उचललं. आणि काल आयोजकांनी तिला आणि तिच्या नवऱ्याला बोलावून शाल-श्रीफळ दिलं. कशाबद्दल, हे कुणी सांगितलं नाही. भाऊ मेल्याबद्दलच असणार. दोघं पहिल्या रांगेत मांडीवर नारळ घेऊन बसली होती.

आधी पडद्यावर शेवटचा भाग दाखवला. बाबा, मी जगभरच्या खुनाच्या गोष्टी वाचल्या आहेत, त्यामुळे माझी सहनशक्ती कमी नाही. पण हे म्हणजे निव्वळ धुकं. निळं धुकं, निळा डोंगर, निळे पडलेले चेहरे. कोण कुणाचा, कोण कुठून आला, काही कळायला मार्ग नाही. आणि सगळ्यात शेवटी, मेलेल्याच्या बहिणीचा नवरा नदीवर पाठमोरा बसून हात धुतो. उलटा उजेड, पाण्याचा आवाज. तो हात धूत राहतो आणि मालिका संपते. अहो, शेतावरून आलेला माणूस हात धुणार नाही तर काय करणार? पण यांनी तो असा काही दाखवला की सभागृहातल्या प्रत्येकाने मनात त्याला फासावर चढवलं.

मग चर्चा सुरू. एक मुलगी उठून म्हणाली, "सर, ती फ्रेम बघा ना! पेंटिंग आहे ते. उत्तर कशाला पाहिजे?" वाशिंदचा एक कारखान्यातला माणूस म्हणाला, "मॅडम, मी दोनदा बघितली. पयल्यांदा समजली नाय, दुसऱ्यांदा झोप लागली." हशा झाला. प्राध्यापक शांतपणे म्हणाले, "संदिग्धता हीच या कलाकृतीची प्रामाणिकता आहे." यावर टाळ्या. मग मी उठलो. तुम्हाला माझं बोलणं माहीत आहे. शहापूरच्या कॉलेजात मी वक्तृत्वाची पहिली ढाल मिळवली तेव्हा तुम्ही मागच्या बाकावर बसला होतात आणि परतताना एवढंच म्हणाला होतात, "बोललास झ्याक. पन इषय काय होता?" त्या दिवसापासून मी विषय सोडून बोललो नाही. कालही नाही. सौंदर्याच्या नावाने आळस विकणाऱ्यांची मी सालटी काढली. गोष्ट सांगता येत नाही म्हणून धूर सोडणारे भोंदू, असं म्हणालो. सभागृह उसळलं. जिंकलोच म्हणा ना.

आणि टाळ्या ओसरताना ती बाई उभी राहिली. नारळ तिने खुर्चीवर ठेवला. "भाषान झालं का?" म्हणाली. माइक नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "मंग आता सांगा, माझ्या भावाला मारला कोनी?"

सूत्रसंचालक धावला. "ताई, ही काल्पनिक कथा आहे."

"काल्पनिक कशी रे? माझ्या चुलीपाशी बसून लिवून नेली. पोलिसांनी इचारलं नाय एवढं यांनी इचारलं. म्हंजी यांनी शोधलंच असंल ना? तेवढ्यासाठी आले मी." आणि मग, नवऱ्याकडे न बघता, "हात धुताना ह्यांना दाखवलाय. पाड्यावर समदी म्हनतात, ह्यांनीच, माझ्या नवऱ्यानंच मारला असंल. मी चार दिस झाले यांच्यासंगं जेवले नाय. खरं काय ते सांगा."

नवरा मान खाली घालून बसलेला. प्राध्यापक चष्मा पुसू लागले. आणि बाबा, मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, "बघ, एंडिंग किती पॉवरफुल आहे!" किळस म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं.

म्हसा गावच्या जत्रेतला तो दिवस मला आठवतो. शेजारची म्हातारी वारलेली, तिचा मुलगा बैल बघायला जत्रेत गेलेला, आणि मयताचा सांगावा द्यायला नेहमीप्रमाणे तुम्ही. मी सुट्टीवर आलेलो, म्हणून बरोबर. बैलांच्या दावणीत तो सापडतो. "चला चा घेऊ," म्हणतो. तुम्ही चहा घेत नाही. सांगावा पोचवल्याशिवाय समोरच्याचं पाणीही घ्यायचं नाही, ही रीत. तुम्ही त्याला दंडाला धरून गाडीआड नेता. "तुझी आई गेली. पहाटंला, झोपेत. तू आल्यावर उचलायची." संपलं. तो मटकन खाली बसतो. परतताना मी तुमच्यावर चिडलो होतो, की जरा आडवळणाने, हळूहळू सांगायचं. तुम्ही म्हणालात, "आडून सांगशील तेवढा वेळ तो मनात एकेकाला मारून बघतो. बायको गेली का, पोर गेली का. त्यापरीस खरं एक नाव सांगावं नि बाकीच्यांना जितं ठेवावं."

त्या बाईला कुणी बाकीचे जिते ठेवले नव्हते. धुकं सुंदर असेल, मी नाकारत नाही. पण त्या धुक्याआड ती आपल्याच घरातल्या एकेकावर संशय घेऊन त्याला मनातून मारून बघत होती, आणि आम्ही दोन्ही बाजूंचे शहाणे 'मोठं काय' यावर ढाली वाटून घेत होतो. मीसुद्धा. माझ्या भाषणात ती बाई कुठेच नव्हती.

मी व्यासपीठावरून उतरलो, तिच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "बाई, यांना काही माहीत नाही. कोणी मारलं ते यांनी शोधलेलं नाही. हात धुतानाचं चित्र यांनी मनानं रचलंय. तुझ्या नवऱ्यानं मारलेलं नाही." शेवटचं वाक्य मी माझ्या सभेतल्या आवाजात म्हणालो. तिने खुर्चीवरचा नारळ उचलला. मग नवऱ्याला म्हणाली, "उठा. जेवून घेऊ कुठंतरी."

हे पत्र टाकायला पेटी नाही आणि तुम्हाला आता पत्ता नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकतो, जी समोर असतात तर बोललो नसतो. तो सांगावा अर्धाच खरा होता. मालिकावाल्यांना काही माहीत नाही, हे मला ठाऊक होतं. नवऱ्याने मारलं नाही, हे मला ठाऊक नाही. बाहेर पायरीवर तो थांबला होता. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "तुमी बोललात म्हनून ती जेवंल." त्याचे हात ओले होते, नुकताच नळावर जाऊन आला असेल. आणि बाबा, मी माझा हात जरा लवकरच सोडवून घेतला.