लाडवांचा डबा

विश्रांतवाडी, पुणे
१४ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप बाबा,

शकू पाया पडते. परभणीला थंडी पडली असेल, कानाला मफलर बांधल्याशिवाय बाहेर पडू नका. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि शेजारच्या नागोरावकाकांच्या फोनवर ओरडून सांगण्यासारखं हे नाही. म्हणून ह्यांच्या खडकीच्या कारखान्यातल्या साईच्या हाती पत्र देतेय. उत्तर घेतल्याशिवाय तो उठणार नाही, तसं बजावलंय.

घरी ठीक. प्रियू शाळेत जाते. नळाला एक दिवसाआड पाणी येतं, इथल्या लोकांना त्याचाही अभिमान आहे.

ह्यांचं म्हणाल तर अजून दवाखान्यातच. तुम्ही आलात तेव्हा नुसते डोकं धरून पडलेले असायचे. तुम्ही गेलात आणि चार दिवसांत उठून बसले. डोकं दुखायचं थांबलं, भूक लागली, चहात साखर कमी म्हणून माझ्याशी भांडलेसुद्धा. मला इतकं बरं वाटलं की मी वॉर्डात पेढे वाटले. बाबांचा पायगुण, असं मीच सगळ्यांना सांगितलं.

खूश नव्हत्या त्या एकट्या नाजिमा डॉक्टर. पाठीतून काढलेल्या पाण्यात बुरशी कमी व्हायची ती वाढतेय, म्हणाल्या. ह्यांना कधी शुगर नव्हती, तीही चढलेली. "घरून काही देताय का?"

मी म्हणाले, "औषध नाही. लाडू आहेत, बाबांनी आणलेत."

"जावयाचे लाड," म्हणून त्या हसल्या. मग हसायच्या थांबल्या. "एक बघू," म्हणाल्या.

बाबा, लाडवात पांढरी कचकच होती. एकात तर अर्धी गोळी तशीच.

तेव्हा मला तुमचं जातानाचं बोलणं आठवलं. सकाळ-संध्याकाळ एकेक, चुकवायचा नाही. ह्यांनी ते अक्षरशः पाळलं. जेवणाचं ताट परत जायचं, पण सासऱ्यांचा लाडू कधी राहिला नाही. तोंडाला चव नव्हती तेव्हा पाण्याबरोबर गिळायचे.

आमच्या शेतावरच्या भैरूला मेंदूच्या टीबीतून स्टेरॉइडने उठवलं, मग जावयाला का देत नाही, असं तुम्ही डॉक्टरांना विचारलं होतं. त्या नाही म्हणाल्या आणि तुम्ही गप्प बसलात. तुम्ही आणि गप्प? तिथेच मला कळायला हवं होतं.

डॉक्टर म्हणतात, टीबीत ती गोळी औषधाच्या जोडीला देतात, उपयोग होतो. ह्यांच्या मेंदूच्या आवरणाला बुरशी लागलीय. त्यात ती दिली की माणूस वरून तरतरीत दिसतो आणि आत बुरशीला मोकळं रान मिळतं. आता एकदम बंद करायलाही धोका. त्यांना गोळीचं नाव हवंय, किती मिलीग्रॅमची ते हवंय, आणि एका लाडवात किती घातल्या ते. भैरूच्या उरलेल्या होत्या, का त्याच्या जुन्या चिठ्ठीवर नव्या आणल्यात? तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. ह्यांना तर डब्यात काय होतं हेच ठाऊक नाही. मी सांगितलेलं नाही.

तुमचा राग आलाय, फार आलाय. आई गेल्यावर तुम्ही कधी चूल पेटवली नाहीत, आणि ह्यांच्यासाठी लाडू वळत बसलात, हेही डोळ्यांपुढून हलत नाही. पण राग नंतर. आधी गोळीचं नाव.

एक वर लिहिलं नाही. परवापासून ह्यांना एकाचे दोन दिसत होते. आज दुपारी मी डबा उचलत होते, खिडकीतलं ऊन सरळ पलंगावर आलेलं. ह्यांनी मान वळवली आणि विचारलं, "शकू, लाईट गेले का गं?"

मी म्हणाले, "हो. येतील."

ते वाट बघत पडलेत. साईला रिकाम्या हाताने पाठवू नका.

तुमचीच,
शकू