झाकणभर

४ नोव्हेंबर

पोटात जंतू! डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा मी हसलोच. त्या नाही हसल्या. आत जखम झालीय म्हणाल्या. गोळ्यांची पिशवीच दिली. "बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत. आणि दारूचा थेंबही नको."

दारू मी पीत नाही, तेव्हा ती अट सोपी. पहिली अवघड. मी आजवर पुरं काय केलंय? शाळा अर्धी, बेकरीतलं काम अर्धं, आता ही नाटक कंपनी — बघू.

खिडकीबाहेर एक माणूस शिडीवर चढून मोठ्या घड्याळाचे काटे पुसत होता. त्याच्याकडेच बघत बसलो. बाई पुढे काय म्हणाल्या, ते ऐकायचं राहून गेलं.

७ नोव्हेंबर

नवं गाव. मालकांनी नाटकातल्या धाकट्या मुलाचं काम मला दिलं! आधीचा नट पळाला म्हणून. कालपर्यंत मी सेट ठोकत होतो.

कंपनीतली जुनी नटी, मावशी, माझी आई. म्हणजे नाटकात. तशी ती सगळ्या कंपनीचीच. पूर्वी प्यायची. एकदा भर प्रयोगात कोसळली, तेव्हापासून बंद. हे तीच सांगते, मान ताठ करून — "आता वाससुद्धा सहन होत नाही बघ!"

नाक चोंदलंय. आत्ताच बरी सर्दी सुचली!

८ नोव्हेंबर

कंपनीची एक रीत आहे. पडदा वर जायच्या आधी सगळे नट विंगेत रांग लावतात. मावशी तिच्या खोकल्याच्या औषधाचं झाकण भरून एकेकाला पाजते. घसा मोकळा होतो म्हणे. सगळ्यांना तेच झाकण. शेवटचं तिचं.

आज मी पहिल्यांदा रांगेत! "तुला सर्दी आहे, तू दोन घे राजा."

घेतली.

९ नोव्हेंबर

काल दुसऱ्या अंकात तोंड भाजल्यासारखं लाल. छाती धडधड. मरणाचा प्रसंग, माझं डोकं मावशीच्या मांडीवर — आणि मी तिथेच ओकलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या! मालक म्हणाले, "रोज जमेल का रे?"

मला वाटलं आता खरंच मरतो. मावशीने ओले कपडे तसेच ठेवून संवाद पुरा केला. माझ्या तोंडावर हात धरून.

दोष गोळ्यांचाच. आजपासून बंद.

११ नोव्हेंबर

पोटात पुन्हा आग. औषधाच्या दुकानात गेलो. दुकानातल्या बाई तापटच. काय काय घेतलं ते सगळं वदवून घेतलं. मावशीच्या बाटलीचं नाव सांगितलं तर तसलीच बाटली फळीवरून काढून फिरवून बघितली. "यात अल्कोहोल आहे."

"खोकल्याच्या औषधात?"

"काहींत असतं. तुझ्या गोळ्यांबरोबर चालत नाही. बाटली सोडायची होती, तू गोळ्या सोडल्यास! आजच डॉक्टरांना फोन कर."

मग मी सर्दीची रंगीत गोळी मागितली. तीही नाही! तिच्यात अंगदुखीचं औषध आहे, ते जखमेला वाईट. वाफ घे, मिठाच्या गुळण्या कर. ताप आला तर साधी पॅरासिटामॉल. सर्दीचं दुसरं काहीही तोंडात टाकण्याआधी विचारायला ये.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. बोलणी खाल्ली. गोळ्या पुन्हा सुरू.

१२ नोव्हेंबर

रांगेत माझी पाळी आली. मी म्हणालो, "नको."

"माझ्या हातचं नको?" मावशीचा चेहरा पडला.

तिला वाईट वाटू नये म्हणून मी मोठ्याने सांगून टाकलं — "अहो, यात दारू आहे! आपण सगळे रोज पितोय!"

दिवेवाला हसला. मालकही हसले. मग कुणीच हसलं नाही. मावशी झाकण लावत होती. ते बसेना.



१३ नोव्हेंबर

मावशीची पेटी दर गावात मीच उचलतो. खणखणते. मला वाटायचं, रंगाच्या बाटल्या असतील.

कुणी माझ्याशी बोलत नाही. मलाही तोंड दाखवावंसं वाटत नाही. कपड्यांची पिशवी भरली. इथले प्रयोग संपले की कंपनी सोडायची. पुढल्या गावाला म्हणे बोटी बांधतात, तिथे काम मागेन. बोट कधी आतून बघितली नाही.

१४ नोव्हेंबर

डोक्यावर टॉवेल घेऊन वाफ घेत होतो. मावशी शेजारी येऊन बसली. टॉवेलमुळे बरं झालं, दोघांनाही.

"मला माहीत होतं का, ते विचार ना."

मी नाही विचारलं.

"सगळ्यांना झाकण झाकण दिलं की आपलं ते औषधच वाटतं," म्हणाली.

मग पेटीची किल्ली माझ्या हातात दिली. "मी मागेन. देऊ नकोस."

"मीच का? मालकांना द्या की."

"आजवर रांगेत कुणी नको म्हणालं नव्हतं रे. आणि तुझ्या गोळ्या माझ्याकडे दे. तुझा काय भरवसा!"

मी निघतोय हे सांगायचं होतं. गोळ्या दिल्या.

१६ नोव्हेंबर

सकाळी मावशी आली. माझ्या हातावर गोळी ठेवली, पाणी दिलं, गिळली का बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "एकच झाकण. घसा बसलाय."

किल्ली दिली नाही. पिशवी उलटी केली. कपडे परत खिळ्याला टांगले.